इन्व्हर्टरला आणखी एक बॅटरी जोडण्याआधी

गणपती जवळ आले की आमच्या वाडीत दोन गोष्टी हमखास निघतात. माळ्यावरची मखराची लाकडं, आणि 'अजून एक बॅटरी टाकूया काय' हा प्रश्न. मुंबईची मंडळी येतात, दोघांच्या घरात चौदा माणसं होतात, सगळे पंखे फिरायला लागतात, मोबाइल तर विचारूच नका. आणि भाद्रपदातला पाऊस व दापोलीकडची लाइट यांचं काय नातं आहे ते इथे कोणाला सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनपाशी किनाऱ्यावर आलं त्यानंतर आम्ही इतके दिवस अंधारात काढले की पुढच्या वर्षभरात वाडीतल्या बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आला आणि कौलांवर एखादं पॅनेल चढलं.

शेजारचे नाना यंदा थेट दुकानात जाऊन भाव काढूनच आले. "१५०ची एक आहेच. तसलीच दुसरी शेजारी ठेवायची, दोन वायरी मारायच्या. झालं ना रे?" दुकानदारानेही मान डोलावली होती. तो बॅटरी विकायला बसलाय, तो कशाला नाही म्हणेल?

नानांना 'नाही' का म्हणालो ते समजावताना जे जे बोलणं झालं, तेच इथे सविस्तर लिहितो. कारण प्रश्न घरोघरी तोच आहे.

आधी इन्व्हर्टरच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा

इन्व्हर्टरच्या मागच्या पट्टीवर १२, २४ किंवा ४८ व्होल्ट असं छापलेलं असतं. घरगुती ९०० व्हीएचा (व्हीए म्हणजे इन्व्हर्टर किती लोड ओढू शकतो त्याचं माप; हजार व्हीए म्हणजे एक केव्हीए) इन्व्हर्टर बहुतेक १२ व्होल्टचा असतो, म्हणजे एका बॅटरीवर चालणारा. दीड-दोन केव्हीएचा २४चा, त्याला दोन बॅटऱ्या लागतात. साडेतीनच्या आसपासचा ४८चा, त्याला चार.

आता बॅटऱ्या जोडायच्या दोन पद्धती. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला की ती सिरीज. व्होल्ट दुप्पट होतात, एएच (अँपियर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारा साठा; नानांची १५०ची म्हणजे १५० एएचची) तेवढेच राहतात. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडला की पॅरलल. एएच दुप्पट, व्होल्ट तेवढेच. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या चुकून सिरीजमध्ये लावल्या तर त्याला २४ व्होल्ट मिळतात आणि आतला बोर्ड जळतो. त्याला वॉरंटीही मिळत नाही. म्हणून १२च्या इन्व्हर्टरला वाढीव बॅटरी फक्त पॅरललमध्ये. २४च्या इन्व्हर्टरला वाढवायच्या तर दोन-दोनच्या जोडीने, ४८च्याला चार-चारच्या संचाने. २४ व्होल्टवाल्याने 'एकच वाढवतो' म्हणायची सोयच नाही.

याच पट्टीवर किंवा पुस्तिकेत आणखी एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही: किती एएचपर्यंतची बॅटरी चालेल. नानांच्या पुस्तिकेत १०० ते २२० लिहिलं होतं. दोन १५०च्या म्हणजे ३००. विषय खरं तर इथेच संपत होता, पण नानांना 'का' हे हवं होतं.

भरणार कोण?

बॅटरी वीज तयार करत नाही, हे वाक्य ऐकायला बावळट वाटतं. पण नवी बॅटरी घेणारे दहातले नऊ जण नेमकं हेच विसरतात. पाऊस तेवढाच पडणार असेल तर विहिरीशेजारी दुसरी विहीर खणून पाणी दुप्पट होत नाही.

लेड-ॲसिड बॅटरीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीला, तिच्या एएचच्या साधारण दहा टक्के अँपियरने चार्जिंग मिळावं असा ठोकताळा आहे. १५०ला १५ अँपियर, ३००ला ३०. नानांच्या इन्व्हर्टरचा चार्जर लाइटवर जेमतेम १५ अँपियर देतो. दोन बॅटऱ्या अर्ध्या रिकाम्या झाल्या तर १५० एएच परत भरायचे. १५ने भागलं तर दहा तास, वरची घट आणि शेवटचं सावकाश भरणं धरलं तर बारा-तेरा तास. लाइट तेवढी सलग असती तर इन्व्हर्टर कशाला घेतला असता?

मग नाना म्हणाले, "पॅनेल आहे की वर. ३३० वॅटचं." इथे गंमत आहे, जरा थांबून बघण्यासारखी.

ते पॅनेल ७२ सेलचं. उन्हात ते साधारण ३७ व्होल्टवर ९ अँपियर देतं, म्हणून ३७ गुणिले ९, झाले ३३० वॅट. पण नानांकडचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला डबा, स्वस्तातला, पीडब्ल्यूएम प्रकारचा. तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडून देतो आणि भरली की तोडतो, बाकी काही करत नाही. बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर पॅनेललाही १३ व्होल्टवर काम करावं लागतं. अँपियर तेच ९. म्हणजे १३ गुणिले ९, झाले ११७ वॅट. पैसे ३३०चे मोजले, पदरात ११७. एमपीपीटी कंट्रोलर मात्र वरचे जास्तीचे व्होल्ट खाली आणून त्यांचे अँपियर करतो. त्याच पॅनेलमधून प्रत्यक्षात अडीचशे वॅटच्या आसपास हाती लागतात, म्हणजे १९ अँपियर. एमपीपीटी घेताना एवढंच बघायचं की तो पॅनेलचे उघडे व्होल्ट, म्हणजे पॅनेलला काहीच जोडलेलं नसताना मोजलेले, सहन करणारा आहे ना. ७२ सेलच्या पॅनेलचे ते ४५च्या वर जातात.

तर नानांच्या ९ अँपियरमध्ये दोन १५०च्या बॅटऱ्या. वाट्याला साडेचार-साडेचार. दिवसभराच्या चांगल्या उन्हात दोघींत मिळून पंचेचाळीस-पन्नास एएच जातील, आणि भाद्रपदात ऊन कोणी बघितलंय? अर्धवट भरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच दिवसेंदिवस राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. सुरुवातीला ते चार्जिंगने विरघळतात, घट्ट झाले की नाही. मग सहा महिन्यांत 'बॅटरीच खराब निघाली' म्हणून दुकानात भांडण.

म्हणून पहिला हिशोब बॅटरीचा करू नका, वापराचा करा. नानांच्या घरी संध्याकाळी नऊ वॅटचे चार दिवे, ७५ वॅटचे तीन जुने पंखे, टीव्ही ६०, वायफाय आणि मोबाइल मिळून ३०. एकूण साडेतीनशे. १२ गुणिले १५०, म्हणजे बॅटरीत १८०० वॅट-तास. रोज निम्मंच काढावं म्हणजे बॅटरी टिकते, उरले ९००. इन्व्हर्टरची घट जाऊन साडेसातशे. दोन तास आणि वर थोडं. आता तेच तीन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे, केले तर एकूण वापर २१६ वॅट, आणि तीच बॅटरी साडेतीन तास. बॅटरी न घेता सव्वा तासाच्या वर वाढला. पंख्यांना दर तीन-चार वर्षांनी बदलावं लागत नाही, हे आणखी.

म्हातारा बैल, तरणा बैल

समजा चार्जिंग पुरेसं आहे, इन्व्हर्टरला चालतंय, तरी एक अट राहतेच: जोडायच्या बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या, तेवढ्याच एएचच्या आणि जवळपास एकाच वयाच्या हव्यात. पहिली बॅटरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर चालून जातं. नानांची साडेतीन वर्षांची.

सिरीजमध्ये जुनी-नवी लावणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला तरण्याबरोबर जुंपणं. २४ व्होल्टचा चार्जर दोघींना मिळून २८.८ व्होल्ट देतो, आतल्या आत वाटणी कशी होते ते त्याला दिसत नाही. जुनीच्या आतल्या सहांपैकी एक सेल शॉर्ट झाला असेल तर ती १२वरच अडकते आणि उरलेले १६ व्होल्टच्या वर नव्या बॅटरीच्या डोक्यावर बसतात. तिला हवेत साडेचौदाच्या आतबाहेर. पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं, गरम होते, गॅस सोडते. म्हणजे मरते ती नवी. आणि इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर एकूण आकडा मात्र अगदी छान दिसत असतो! सिरीज असेल तर महिन्यातून एकदा प्रत्येक बॅटरीवर वेगळा मल्टीमीटर लावा. एकूण आकड्यावर जाऊ नका.

पॅरललमध्ये दुखणं वेगळं. जुनी १२ व्होल्टवर आणि नवी १२.७वर असताना प्लसला प्लस टेकवला की नवीतून जुनीत क्षणात तीस-चाळीस अँपियर धावू शकतात. ठिणगी पडते ती त्यामुळेच. ते शांत झालं तरी जुनीचा सेल कच्चा असेल तर नवी रात्रभर तिला पाजत बसते, सकाळी दोघी रिकाम्या.

नानांच्या बॅटरीची झाकणं उघडून मी हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायची नळी, घातला. दिवसभर चार्ज झालेल्या बॅटरीत पाच सेलची ग्रॅव्हिटी १२२०च्या आसपास, सहाव्याची ११५०. तीस पॉइंटांहून जास्त फरक म्हणजे तो सेल गेला समजा. हायड्रोमीटर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. बॅटरी वाढवायचा विचार करणाऱ्याने आधी तो घ्यावा.

जोडायचीच झाली तर

समजा तुमच्या दोन्ही बॅटऱ्या नव्या, सारख्या आणि इन्व्हर्टरला चालणाऱ्या आहेत. दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, चार-पाच तास तशाच ठेवा, मग व्होल्ट मोजा. दोघींत दशांश एक व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा.

काम सुरू करण्याआधी घरचा लोड बंद. मग छपरावरच्या पॅनेलचा स्विच बंद, मग लाइटवरचं चार्जिंग, आणि सर्वांत शेवटी बॅटरी. हा क्रम उलटा करू नका. बॅटरी काढलेली आणि पॅनेल चालू अशा अवस्थेत बरेच कंट्रोलर दगावतात. उन्हात पॅनेल कधीच 'बंद' नसतं, त्याच्या वायरीत वीज असतेच.

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवा. १५०ची बॅटरी शॉर्ट झाली तर दोन-अडीच हजार अँपियर सोडू शकते. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण दोन टर्मिनलांच्या मध्ये पाना आडवा पडला तर तो लालभडक होतो आणि बोटात अंगठी असेल तर ती बोटासकट. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायला दोन मिनिटं लागतात.

केबलकडे मात्र नीट बघा, कारण घोळ बहुतेक इथेच होतो. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १२ व्होल्टच्या बाजूने सत्तर अँपियरच्या घरात ओढतो. मीटरभर लांबीच्या दोन वायरी ४ स्क्वेअरच्या (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या) वापरल्या (घरातली उरलेली वायर आहेच, म्हणून!) तर त्यांत चाळीसेक वॅट नुसते उष्णतेत जातात. सोल्डरिंगचं आयर्न असतं ना रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे, साधारण तेवढी उष्णता. तीच केबल २५ स्क्वेअर तांब्याची घेतली तर सहा-सात वॅट. शिवाय पातळ वायरीत अर्ध्या व्होल्टच्या वर गळती होते, त्यामुळे बॅटरीत जीव असताना इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून ओरडतो. केबलच्या टोकाचे लग पक्कडीने चेपलेले नकोत, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबलेले हवेत.

पॅरललमध्ये इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून घ्यायच्या नाहीत. प्लस पहिलीवरून आणि मायनस शेवटच्या बॅटरीवरून, म्हणजे तिरकं. नाही तर आळीतल्या नळासारखं होतं. पहिल्या घराला धो-धो आणि टोकाच्या घराला करंगळीएवढी धार. जिच्यावरून वायरी घेतल्या ती बॅटरी जास्त राबते आणि आधी जाते. मधल्या जोडवायरीही एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या.

प्रत्येक बॅटरीच्या प्लसवर, टर्मिनलच्या शक्य तितक्या जवळ, आपापला फ्यूज हवा. एकीत आत शॉर्ट झालं तर दुसरी तिच्यात सगळा साठा ओतते, तेव्हा मध्ये फ्यूजशिवाय कोणी नसतं. फ्यूजचा आकडा केबलला झेपेल त्याहून मोठा नसावा. आणि कृपा करून डीसीच्या जागी घरातला साधा एसीचा एमसीबी बसवू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते, एमसीबी आतून वितळतो. डीसीचाच घ्या, आणि त्यावर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा.

सगळं जोडल्यावर अर्धा तास लोड चालवा आणि बंद करून प्रत्येक लगजवळच्या केबलला हाताची मागची बाजू लावून बघा. एखादा सांधा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो सैल आहे. आठवड्याने सगळे नट पुन्हा एकदा आवळा. आमच्याकडे खारी हवा, टर्मिनलवर हिरवं-पांढरं पीठ लवकर धरतं; कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसायचं (झाकणं घट्ट लावून, सोडा आत जाता कामा नये), कोरडं करून वर पेट्रोलियम जेली. घालायचं पाणी डिस्टिल्डच, आणि ॲसिड कधीही नाही. ॲसिड डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहतं पाणी आणि सरळ डॉक्टर.

बॅटरी ठेवली कुठे आहे?

नानांची बॅटरी देवघराखालच्या कपाटात होती. दार लावलेलं, वर समई. दिसायला किती नीटनेटकं!

लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते, आणि हा वायू हलका, वर चढतो आणि कपाटाच्या छताशी साठतो. त्याच्या बरोब्बर वर समई. बॅटऱ्या दोन केल्या असत्या तर वायूही दुप्पट. जिन्याखालची बंद खोली, पलंगाखालची जागा, गॅसचा सिलिंडर असलेला ओटा, यांतलं काहीच चालणार नाही. वारा खेळेल अशी पडवी उत्तम, फक्त ऊन आणि पावसाची झड लागता कामा नये. वजनही लक्षात घ्या, १५०ची ट्युब्युलर पन्नास-साठ किलोची असते. लाकडी माळा दोघींना झेलेल असं गृहीत धरू नका.

लिथियमचं काय?

हल्ली विचारणारे वाढलेत. घरगुती वापराची बहुतेक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असते: हलकी, बहुतेक साठा वापरू देणारी, पाणी नको. पण जुन्या लेड-ॲसिडच्या शेजारी ती पॅरललमध्ये जोडायची नाही, मग कोणी काहीही सांगो. दोघींचे भरण्याचे आणि रिकामं होण्याचे व्होल्ट वेगळे. एक सतत दुसरीला पाजत किंवा पीत राहते. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग असेल तरच घ्या. ट्युब्युलरचे सगळे सेल सारखे भरावेत म्हणून दिला जाणारा इक्वलायझेशनचा जादा व्होल्टेजचा झटका लिथियमला मानवत नाही. तिच्या आत बीएमएस नावाचा राखणदार बोर्ड असतो. किती बॅटऱ्या पॅरलल करायच्या आणि सिरीज करायच्या की नाही हे त्या बोर्डाच्या ताकदीवर ठरतं. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा.

आणि ज्यांनी पीएम सूर्यघरचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान घेऊन ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं, सोलर बसवलंय, त्यांच्या साध्या इन्व्हर्टरला बॅटरीची जागाच नसते. बाहेरची लाइट गेली की तोही बंद होतो, खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते तसं मुद्दाम केलेलं असतं. तिथे बॅटरीही जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टरच हवा, आणि तो बदल महावितरणला कळवून करायचा.

मग नानांनी काय केलं

१५०ची दुसरी घेतली नाही. जुनी देऊन २०० एएचची एकच सोलर ट्युब्युलर घेतली, सी-१० लिहिलेली. म्हणजे हे २०० एएच दहा तासांत काढताना मोजलेले आहेत. वीस तासांच्या हिशोबाने मोजलेला तोच आकडा दिसायला मोठा आणि कामाला लहान असतो. कंट्रोलर एमपीपीटी केला, त्याचे १९ अँपियर २००ला बरोब्बर पुरतात. पंखे तिन्ही बदलले. जुन्या बॅटरीचे मोडीत पैसे आले. ती दुकानदाराने परत घ्यायचीच असते, ॲसिड परसात ओतून शिसं भंगारात विकायचं नसतं.

बॅटरी पडवीत आली, समई होती तिथेच राहिली. गौरी जेवल्या त्या संध्याकाळी साडेसातला लाइट गेली ती अकराला आली. नाना दर अर्ध्या तासाने कंदील घेतल्यासारखा मल्टीमीटर घेऊन पडवीत. अकराला शेवटचा आकडा मला खिडकीतून ओरडून सांगितला, "बारा पॉइंट दोन रे!"